अक्षरापूर्वीचा कान

मूल अक्षरे ओळखू लागले की वाचू लागते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अक्षर हे ध्वनीचे चिन्ह होय. बोलण्याच्या ओघातून तो ध्वनी वेगळा करून ऐकता येत नसेल, तर चिन्हाचा उपयोग मुलाला कसा व्हावा? ऑक्सफर्ड विद्यापीठातील लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला. त्यांचे निष्कर्ष १९८३ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अद्याप वाचू न लागलेली चार-पाच वर्षांची ४०३ मुले त्यांनी घेतली. तीन-चार लहान शब्द ऐकवावयाचे आणि त्यांतील विजोड शब्द मुलाने सांगावयाचा, अशी परीक्षा होती. मराठीत ती घ्यावयाची तर 'माळ, बाळ, मान, काळ' हे शब्द चालतील. ज्या मुलांना हे चांगले साधले, ती पुढे वाचनात व शब्दलेखनात सरस ठरली. बुद्धिमापनातील फरक जमेस धरूनही हा संबंध टिकून राहिला.

तथापि संबंध म्हणजे कारण नव्हे. ज्या घरात मुलाला रोज गोष्टी वाचून दाखविल्या जातात, तेथे कान आणि वाचन ही दोन्ही आपोआपच सुधारतील. म्हणून संशोधकांनी या परीक्षेत मागे पडलेल्या ६५ मुलांचे चार गट केले. पहिल्या गटाला चित्रांच्या साह्याने शब्दांतील समान ध्वनी ओळखण्यास शिकविले. दुसऱ्याला तेच शिकविले. शिवाय प्रत्येक ध्वनीचे अक्षर प्लॅस्टिकच्या अक्षरांनी दाखविले. तिसऱ्या गटाने तीच चित्रे घेऊन त्यांची अर्थाप्रमाणे वर्गवारी केली : कोंबडी व वटवाघूळ हे प्राणी, कोंबडी व डुक्कर हे शेतावरील प्राणी. चौथ्याला काहीच शिकविले नाही. प्रयोगाचे खरे मर्म तिसऱ्या गटात आहे. शिक्षकाने जवळ घेऊन लक्ष पुरविले एवढ्यानेही मूल पुढे जाऊ शकते. हा लाभ ध्वनिशिक्षणाच्या खात्यावर जमा होऊ नये, यासाठी तो गट होता.

दोन वर्षांत ४० पाठ झाले. दुसरा गट वाचनात व शब्दलेखनात स्पष्टपणे पुढे गेला. पहिला गट तिसऱ्याच्या पुढे होता खरा, पण तो फरक योगायोगाचा नव्हे असे निश्चयाने म्हणण्याइतका मोठा नव्हता. 'यमकाची गाणी म्हणवून घ्या, वाचन आपोआप येईल' असे या प्रयोगाच्या आधारे सांगणारे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

उलट दिशेनेही परिणाम घडतो. पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला ध्वनी गाळून उरलेला भाग उच्चारणे फार अवघड गेले. प्रौढपणी वाचावयास शिकलेल्यांना ते पुष्कळच सोपे गेले, असे १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे अक्षरही कानाला शिकविते.

हे सर्व प्रयोग रोमन लिपीच्या भाषांतील आहेत. भारतीय लिप्यांत 'मा' हे एक अक्षर असले, तरी त्यात 'म्' आणि 'आ' असे दोन ध्वनी आहेत. कन्नड शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार अक्षरओळख पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत पुरी होत नाही, आणि सुट्या ध्वनीची जाण तर त्याहून सावकाश येते. 'मा', 'मी', 'मू' या तिन्हींत एकच 'म्' आहे, हे बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलाने जाणलेले असतेच असे नाही.