टोमॅटो आणि पी.एल.

पी.एल. लागली की मेसपासून टेरेसपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं, "दिवसभर बसलो, पण झालं काहीच नाही!" आणि मग ए.टी.के.टी.!

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या फ्रान्चेस्को सिरिल्लो या विद्यार्थ्याने किचनमधला टोमॅटोच्या आकाराचा टायमर अभ्यासासाठी वापरला. टोमॅटोला इटालियनमध्ये म्हणतात पोमोदोरो. पद्धतीचं नावही तेच. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं सुट्टी. असे चार टोमॅटो झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. मध्येच दुसरं काही आठवलं तर कागदावर टिपून ठेवायचं आणि पुढे चालू.

माझ्या मते खरी गोम सुट्टीत आहे. आमच्या विंगमध्ये २५ मिनिटं कोणीही बसतो, पण ५ मिनिटांचा चहा तासभर चालतो! म्हणून टायमर सुट्टीलाही लावा. आणि तो मोबाईलवर नको, साधं गजराचं घड्याळ घ्या. मोबाईल हातात आला की सुट्टी संपतच नाही.

हिशोब सोपा आहे. चार टोमॅटो म्हणजे १०० मिनिटं खरा अभ्यास. दिवसात असे तीन राउंड केले तर पूर्ण ५ तास. एम-थ्रीला घाबरायचं कारणच काय?