अ‍ॅस्बेस्टॉस : उपयोग, अपाय व उपाय

वैशाख सरत आला, कीं पावसापूर्वीं छप्पर नीट करून घेण्याची घाई घरोघर सुरू होते. कोणी कौलें चाळतो, कोणी फुटका पत्रा काढून नवा बसवितो. चाळी, गोठे, कारखाने व कित्येक शाळा यांच्यावर करड्या रंगाचे जे पन्हाळी पत्रे दिसतात, त्यांना लोक 'सिमेंटचे पत्रे' म्हणतात. परंतु यांपैकीं बहुतेक जुन्या पत्र्यांत सिमेंटाबरोबर अ‍ॅस्बेस्टॉस नांवाचें एक खनिजहि असतें. हें खनिज काय आहे, त्यापासून अपाय कसा होतो व तो टाळावा कसा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ 'न विझणारें' असा आहे. हा एक दगडच. पण इतर दगड फोडिले असतां त्यांचे खडे होतात, याचे मात्र कापसासारखे तंतु निघतात. एका तंतूचे दोन, दोहोंचे चार, असें होत होत शेवटीं डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म तंतु उरतात. त्यांना अग्नि जाळीत नाहीं व पाणी कुजवीत नाहीं. यांत पांढरा, निळा व तपकिरी या जाती विशेष वापरांत आल्या. ऑस्ट्रियांतील लुडविग हाटशेक यानें सिमेंट व अ‍ॅस्बेस्टॉस यांचे पातळ पत्रे करण्याची कृति शोधून १९०१ सालीं तिचें पेटंट घेतलें. पत्रा स्वस्त, टिकाऊ व न गंजणारा असल्यामुळें त्याचा प्रसार जगभर झाला. पाण्याचे नळ, टाक्या, बाष्पयंत्रांचीं वेष्टनें, गाड्यांचे ब्रेक, अशा अनेक ठिकाणीं हें खनिज जाऊन बसलें.

मग यांत दोष तो कोणता? जो याचा गुण, तोच याचा दोष. साधी धूळ नाकांत व घशांत अडते आणि शिंकेवाटे वा खोकल्यावाटे बाहेर पडते. हे तंतु इतके बारीक, कीं ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात. आणि इतके चिवट, कीं शरीरास ते विरघळवितां येत नाहींत. त्यांच्याभोंवतीं वर्षानुवर्षें व्रण होऊन फुप्फुस ताठर बनतें व मनुष्यास धाप लागते. या रोगास अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणतात. याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग, तसेंच फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नांवाचा कर्करोगहि यापासून होतो. जो धूम्रपान करतो, त्याच्या बाबतींत फुप्फुसाच्या कर्करोगाचें भय कित्येक पटींनीं वाढतें. विशेष म्हणजे हे रोग आज धूळ घेतली व उद्यां आजारी पडलों, असे होत नाहींत. वीस, तीस, कधीं चाळीस वर्षांनीं ते प्रकट होतात. आणि म्हणूनच लोक फसतात.

हें ज्ञान आजकालचें आहे, असेंहि नव्हे. १८९९ सालीं लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयांत डॉ. मॉन्टेग्यू मरे यांच्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस पिंजण्याच्या खात्यांतील एक कामगार आला. त्या खात्यांतील आपल्यासह दहा जणांपैकीं आपण एकटाच जिवंत उरलों आहों, असें त्यानें सांगितलें. पुढें तोहि वारला. १९२४ सालीं रॉचडेल येथील नेली केर्शॉ ही अ‍ॅस्बेस्टॉसचें सूत कातणारी स्त्री ऐन तारुण्यांत मरण पावली, व डॉ. कुक यांनीं तिच्या फुप्फुसांतील तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. १९३० सालीं मेरवेदर व प्राइस यांनीं ३६३ कामगारांची तपासणी करून सरकारास अहवाल सादर केला, आणि पुढील वर्षीं ब्रिटनमध्यें धुळीविषयीं नियम झाले. १९६० सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डॉ. वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा मेसोथेलिओमाशीं असलेला संबंध दाखविला. १९६५ सालीं लंडनमध्यें न्यूहाउस व टॉम्पसन यांनीं जें संशोधन प्रसिद्ध केलें, तें तर प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारखान्याचें तोंडहि न पाहिलेल्या कांहीं बायका या रोगानें गेल्या होत्या. त्यांचें काम एवढेंच, कीं कामावरून आलेल्या नवऱ्याचे कपडे त्या धूत असत!

इतकें ठाऊक असूनहि ब्रिटनमध्यें पूर्ण बंदी झाली ती १९९९ सालीं. म्हणजे त्या पहिल्या रोग्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं. ऑस्ट्रेलियानें २००३ च्या अखेरीस व कॅनडानें २०१८ सालीं बंदी केली. भारतांत अशी सर्वंकष बंदी नाहीं. मात्र २७ जानेवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल देऊन, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकृतीची नोंद चाळीस वर्षें, किंवा नोकरी संपल्यानंतर पंधरा वर्षें ठेवावी, असें बजाविलें आहे.

आतां आपल्या डोक्यावरील पत्र्याचें काय करावें? घाबरून तो काढूं नये. अखंड पत्र्यांत तंतु सिमेंटनें जखडलेले असतात. ते सुटतात तोडण्यानें, घासण्यानें व भोंकें पाडण्यानें. यास्तव पुढील नियम पाळावे :

१. पत्रा शाबूत असल्यास त्यास हात लावूं नये. तो जुना झाला असल्यास रंगाचा लेप देतां येतो. मात्र रंगापूर्वीं खरवडूं नये.

२. यंत्राच्या करवतीनें कापणें, यंत्रानें भोंक पाडणें, तारेच्या ब्रशानें घासणें किंवा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानें धुणें, हें सर्वथा वर्ज्य समजावें.

३. पत्रा काढणेंच भाग असेल, तर जाणत्या कामगारांकडून काढवावा. आधीं पाण्यानें हलकेंच भिजवावा, खिळे-आंकडे सोडवून तो सबंध उतरवावा. वरून फेंकूं नये. त्यावर पाय देऊन चढूं नये, कारण तो एकाएकीं फुटून माणूस खालीं पडतो.

४. तोंडास रुमाल बांधून भागत नाहीं. पी-३ किंवा पी-१०० दर्जाची गाळणी असलेला, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखवटा हवा.

५. चुरा कोरड्या झाडूनें झाडूं नये. ओल्या फडक्यानें टिपावा, आणि तें फडकेंहि कचऱ्याबरोबरच टाकावें.

६. तुकडे जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशव्यांत बांधून वर खूण करावी, व ते कोठें टाकावे हें नगरपालिकेस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळास विचारावें. रस्त्यांतील खड्डे बुजविण्यास किंवा चुलीस आडोसा करण्यास ते घेऊं नयेत.

७. कामाचे कपडे घरांत आणूं नयेत, व काम चालू असतां मुलांना तेथें फिरकूं देऊं नये.

पालकांस विनंति एवढीच, कीं काम ठरवितांना ठेकेदारास दोन प्रश्न अवश्य विचारावे : या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे काय? आणि असल्यास धूळ न उडवितां काम कसें करणार? स्वतःच्या घराइतकीच काळजी त्या गवंड्याची व मजुराचीहि वाहिली पाहिजे. कारण आपल्या छपराचें काम एका दिवसांत संपतें, पण तो रोज नव्या छपरावर चढत असतो. आणि विद्यार्थिमित्रहो, पटांगणाच्या कडेस पडलेला पत्र्याचा तुकडा दगडानें फोडण्याचा मोह तुम्हांस झाला, तर हा लेख आठवावा, हात आवरावा, व तो तुकडा शिक्षकांस दाखवावा. आज आवरलेल्या हाताचें फळ तुम्हांस चाळीस वर्षांनीं मिळेल, आणि तें निरोगी श्वासाच्या रूपानें मिळेल.