जळका वास आला की आधी उतर

गाडी घेतलीस, स्वतः चालवतेस, देवरीहून आमगाव करत गोंदियापर्यंत एकटी येतेस, याचं मला किती कौतुक आहे ते तुला ठाऊक आहे. पण परवा फोनवर विचारलंस, "ताई, चालत्या गाड्या पेटतात तरी कशा गं?" तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. आज सगळं सांगते.

गाडी पेटायच्या आधी बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते. जळक्या रबराचा वास येतो, एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, गाडी उभी असते तिथे फरशीवर तेलाचा किंवा पेट्रोलचा डाग दिसतो. "सर्व्हिसिंगला देऊ तेव्हा बघू" म्हणून ते पुढे ढकललं जातं आणि घोळ तिथेच होतो.

फ्यूजचं तर मुद्दाम सांगते. एकदा फ्यूजचा डबा उघडून बघ. रंगीत चिपा दिसतील: लाल १० अँपिअरची, निळी १५, पिवळी २०, हिरवी ३०. वायरमध्ये बिघाड झाला की ती चीप आपण जळते आणि वायर वाचवते, तिचं कामच ते. पण लाल उडाली म्हणून कुणी हिरवी बसवतो, कुणी तांब्याची तार गुंडाळून देतो आणि "आता उडणार नाही बघा" असं वर सांगतो. खरंच उडत नाही. मग तिच्याऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापते, तिचं प्लास्टिक वितळतं आणि शेजारच्या फोमला धग लागते. ज्या मेकॅनिकने असं केलं त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस, तो ओळखीतला असला तरी.

बाहेरून बसवलेले दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टीम यांचंही तेच. कंपनीचा हेडलाइटचा बल्ब साधारण ५५–६० वॉटचा असतो, त्या जागी १०० वॉटचा लावला की तेवढ्याच बारीक वायरमधून जवळजवळ दुप्पट करंट जातो. लावायचाच असेल तर वेगळी वायर, रिले आणि फ्यूज टाकून घे. मूळ वायर सोलून टेप मारलेली दिसली की ते काम परत करून घे.

आता आपल्या भागाचं बोलते, कारण हे पुण्या-मुंबईची माणसं तुला सांगणार नाहीत. धानाच्या मळणीच्या दिवसांत रस्त्यावर तणस पसरलेली असते. उन्हाळी धान तर ऐन मे महिन्यात निघतो, नवतपाचं कडक ऊनही तेव्हाच. गाडी त्या तणसीवरून गेली की काड्या चाकाच्या दांड्याला गुंडाळतात, सायलेन्सरच्या पाइपाला चिकटतात. इंजिनाजवळ तो पाइप चारशे अंशांच्या वर सहज तापतो आणि वाळल्या तणसीला एवढी धग पुष्कळ झाली. गेल्या हंगामात तुझ्या भाऊजींना गाडीत धुराचा वास आला. त्यांनी लगेच थांबून सगळ्यांना उतरवलं. खाली वाकून पाहिलं तर पाइपाभोवती तणसीचा वेढा बसलेला, काड्यांची टोकं काळी पडलेली. गाडी निवाल्यावर लांब काठीने ओढून काढला. म्हणून तणसीवरून जावं लागलंच तर पुढे मोकळ्या जागी थांबून खाली बघत जा. धानाच्या पुंजण्याजवळ किंवा वाळल्या गवतावर गाडी कधी उभी करू नकोस. घरी धानाच्या पोत्यांशेजारी गाडी ठेवत असशील तर उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा आठवड्यातून एकदा बोनट उघडून बघायचं. आणि बोनटमध्ये पाण्याचा जोराचा फवारा मारू द्यायचा नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने एका विजेच्या भागातल्या दोषासाठी १,८१,७५४ पेट्रोल गाड्या परत बोलावल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका, विजेच्या भागांवर थेट पाणी मारू नका, असंच कंपनीने ग्राहकांना सांगितलं होतं.

गाडी नवी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नकोस. मार्च २०१० मध्ये मुंबईत शोरूममधून घरी निघालेली कोरी नॅनो वाटेतच पेटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात टाटा मोटर्सने नॅनोच्या एक्झॉस्टला आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली. आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूदच आहे. तुझा चेसिस नंबर शोरूमला देऊन विचार, तुझ्या गाडीवर काही रिकॉल आहे का. विचारायला लाजायचं कशाला?

जाऊबाई इलेक्ट्रिक स्कूटर घेणार म्हणालीस. घेऊ देत, पण बॅटरी झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावून निजायचं नाही, आणि बाहेर पडायच्या दाराजवळ तर मुळीच लावायची नाही. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटून सात वर्षांचं लेकरू गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली ओला स्कूटर पेटली. पुढे कंपनीने १,४४१ स्कूटर तपासायला परत बोलावल्या आणि सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. चार्जर कंपनीचाच वापरायचा, आणि उन्हातून आल्या आल्या गरम बॅटरी लावायची नाही.

इतकं करूनही वास आला, धूर दिसला, तर गाडी डावीकडे घे, इंजिन बंद कर आणि सगळ्यांना उतरव. पर्स, लॅपटॉप, कागदपत्रं राहू देत आत. शंभर पावलं लांब जा आणि ११२ लाव. राष्ट्रीय महामार्गावर असशील तर १०३३. बोनट उघडून बघायचा मोह होतो, तो आवर, हवा मिळाली की भडका अंगावर येतो. लहान अग्निशामक ड्रायव्हर सीटखाली ठेव, डिक्कीत ठेवलेला ऐन वेळी कामाला येत नाही. आणि जाळ मोठा झाला असेल तर तोही विसर.

आणि दारांचा विचार आजच करून ठेव. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली. तिथे कारण अपघाताचं होतं, पण बस दाराच्याच बाजूवर पडली आणि २५ माणसं आत अडकून गेली. वाचली ती काच फोडून बाहेर आली. तुझ्या गाडीची समोरची काच फुटता फुटत नाही, ती दोन थरांची असते. बाजूची काच कोपऱ्यात टोकदार हातोडीने मारली की फुटते. ती हातोडी हाताशी ठेव.

विम्याचंही बघून ठेव. तो नुसता थर्ड पार्टी असेल तर गाडी जळाल्याचे पैसे मिळत नाहीत. पॅकेज पॉलिसीत आग आणि गाडीने आपोआप पेट घेणंही धरलेलं असतं, पण नोंद न केलेलं गॅस किट निघालं तर कंपनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवते.

बाकी काही जमलं नाही तरी येत्या रविवारी एवढं कर. पोरांना मागच्या सीटवर बसव, चाइल्ड लॉक लागलंय का बघ, ते लागलं असलं की मागचं दार आतून उघडत नाही. पट्टा स्वतः सोडून पुढच्या दाराने बाहेर यायची त्यांना दोन-तीनदा सवय करून दे, आणि झालं की मला फोन कर.