दाढीचा साबण, फेस आणि खारपाणपट्ट्यातील पाणी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात केश, श्मश्रू व नखे कापणे हे पुष्टिकर आणि आयुष्य कर्म म्हणून सांगितले आहे. कामसूत्रातील नागरकाच्या दिनक्रमात फेनकही येतो. तेव्हा दाढीचा साबण हा वैद्याच्या कक्षेबाहेरचा विषय समजण्याचे कारण नाही.

संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. वरवट बकाल परिसरातील रुग्ण दाढीनंतरचा दाह, पुटकुळ्या अशी लक्षणे घेऊन येतात, तेव्हा आम्ही औषधाआधी विचारतो, ‘पाणी कोणते वापरता?’ बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका होतो. फेस बसतो, पाते कोरड्या त्वचेवर ओढले जाते. आमचा स्वतःचा पहिला घाणा याच पाण्यात केला होता. नासलेल्या दुधासारखा दिसला आणि टाकून द्यावा लागला.

पुढे निश्चित केलेले प्रमाण असे : स्टिअरिक आम्ल ३०० ग्रॅम, खोबरेल तेल २०० ग्रॅम, कॉस्टिक पोटॅश (९० टक्के शुद्ध) ७० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ३० ग्रॅम, ऊर्ध्वपातित पाणी २०० ग्रॅम, सोडिअम सायट्रेट १० ग्रॅम, ग्लिसरीन ५० ग्रॅम. यात सुमारे पाच टक्के स्नेह मुद्दाम शिल्लक राहतो. स्टिअरिक आम्लाने फेस दाट व टिकाऊ होतो. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसाळतो. सायट्रेट पाण्याचा जडपणा काही अंशी बांधून ठेवते. निव्वळ सोड्याचा साबण कठीण होतो व ब्रशवर सहज उतरत नाही, म्हणून पोटॅश अधिक. सुश्रुतोक्त प्रतिसारणीय क्षारात राखेचे गाळलेले पाणी आणि शंख-शिंपांचा भाजलेला चुना एकत्र येऊन हाच तीक्ष्ण क्षार निर्माण होतो, हे सांगावयास नकोच.

सायट्रेट पाण्यात विरघळवून मग त्यात क्षार थोडाथोडा सोडावा. क्षारावर पाणी कधीही ओतू नये. हातमोजे व चष्मा आवश्यक. भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियमचे क्षाराने खाल्ले जाते. वितळलेल्या स्नेहात हे द्रावण बारीक धारेने घालताच मिश्रण एकदम घट्ट होते. नवख्याचा हात येथेच थांबतो. न घाबरता जलयंत्रावर तासभर घोटत राहावे, शेवटी ग्लिसरीन मिसळावे. फिनॉल्फ्थॅलीनच्या मद्यार्कातील द्रावणाचा थेंब साबणावर टाकून गडद गुलाबी रंग आल्यास क्षार मोकळा आहे, असा घाणा चेहऱ्यासाठी देऊ नये.

निंब, कोरफड यांची भर घालण्याचा मोह होतो. फेसाला त्यांचा उपयोग नाही. हळद तर घालूच नये. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्यांना साबणाचा रंग काय होईल हे ठाऊक आहे.

रिठ्याचे मात्र तसे नाही. त्यातील सॅपोनिन जड पाण्यात साका करीत नाही. १० ग्रॅम टरफलांचा १०० मिली पाण्यात केलेला ताजा काढा चमचाभर वाटीत घेऊन त्यात ब्रश फिरवावा. डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते, हे रुग्णास बजावावे.

दाढी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजवावी, ब्रश झटकून साबणावर फिरवावा आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवावे. पावसाचे साठवलेले पाणी मिळाल्यास उत्तम. फार्मसीचालकांनी विक्रीसाठी उत्पादन करण्यापूर्वी आवश्यक तो परवाना घ्यावा. वरील प्रमाण स्वतःच्या रुग्णालयापुरते आहे.