उष्माचित्रणाने दोषशोध
मडके आपण वाजवून पारखतो. विमानाच्या कार्बनतंतू-फलकावर अवजार पडले, तर बाहेर ओरखडा न दिसताही आतील थर सुटू शकतात आणि फलक दुबळा होतो. तो पारखण्यासाठी दिव्याच्या क्षणिक झोताने पृष्ठभाग किंचित तापवतात. उष्णता आत उतरते. सुटलेल्या थरांमधील हवेची फट तिला अडवते, म्हणून त्यावरचा भाग उशिरा निवतो. अवरक्त कॅमेरा हे निवणे टिपतो. दोष दुप्पट खोल असल्यास खूण उमटायला सुमारे चौपट वेळ लागतो आणि ती फिकी असते. पृष्ठभागावरील डाग मात्र पहिल्या क्षणापासून वेगळा दिसतो. म्हणून एका चित्रावर निर्णय देऊ नये. प्रत्येक बिंदूचा तापमान-काल आलेख संगणकाने तपासावा.