तपासणी पूर्ण केव्हा होते?
गरोदर माता, नवजात बालके आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी

रक्ताचा नमुना दिला, रक्तदाब मोजला, कार्डावर नोंद झाली, म्हणजे तपासणी झाली असे आपण समजतो. वस्तुतः अहवालाचा अर्थ आपल्याला समजावून सांगितला जाऊन आवश्यक उपचार सुरू झाले, की मगच ती पूर्ण होते. नमुना देऊन अहवाल न घेतलेली माता ही तपासणीस मुळीच न आलेल्या मातेइतकीच असुरक्षित असते.

गरोदरपणाची नोंदणी पहिल्या बारा आठवड्यांत करावी व प्रसूतीपर्यंत किमान चार वेळा तपासणी करून घ्यावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाअंतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य संस्थांमध्ये डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी केली जाते. धोका आढळल्यास कार्डावर लाल खूण केली जाते. ती दिसताच घाबरून न जाता प्रसूती कोणत्या रुग्णालयात होणार, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे.

हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजावा. ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास गोळ्यांवर विसंबून घरी थांबू नये, रुग्णालयात जावे. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तातडीची लक्षणे आहेत.

मधुमेहाच्या चाचणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यानंतर दोन तासांनी रक्तातील साखर पाहतात. ती १४० किंवा त्याहून अधिक आल्यास आहारनियमन व उपचार सुरू करावे लागतात. पहिली चाचणी निर्दोष आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा करावी. अनेक माता दोन तास थांबणे शक्य नसल्याने परत जातात. कुटुंबीयांनी त्या दिवशी घरकामातून त्यांना मोकळीक द्यावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे. एचआयव्ही व सिफिलिस यांच्या चाचण्याही टाळू नयेत, कारण वेळीच औषधे घेतल्यास बाळाला होणारा संसर्ग बहुतांशी टाळता येतो. मातेचा रक्तगट निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यावयाच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

बाळ जन्मले की लक्ष बाळंतविडा व बारशाकडे वळते. तथापि काही दोष प्रारंभी दिसतच नाहीत. थायरॉइडची जन्मजात कमतरता असलेले बाळ बहुधा निरोगीच भासते; टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून ती कळते आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाल्यास मेंदूची वाढ सुरक्षित राहते. ही सोय सर्वत्र नसल्याने आपण स्वतः चौकशी करावी. श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात करावी. जन्मानंतर २४ तासांच्या आत कावीळ दिसल्यास बाळाला उन्हात धरून वेळ दवडू नये; त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णालयात प्रसूती झाल्यानंतर आशा ताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळंतपणासाठी माहेरी अथवा रोजगारासाठी परराज्यात जात असल्यास तसे त्यांना आधी कळवावे आणि माता व बाल संरक्षण कार्ड सर्व अहवालांसह सोबत न्यावे.