हातमोजे काढून ठेव

सातपूर, नाशिक

चि. बाळू,

तुझ्या आईचा फोन आला होता. शेजाऱ्यांची कुरकुर, विजेचं बिल, तुझी जागरणं, सगळं सांगून झालं आणि फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली, "लोकरीचे हातमोजे घालून बसतो रे त्या लेथवर. पितळेचे कण टोचतात म्हणतो." बाकीचं मी विसरलो. तेवढं एक वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो, म्हणून पत्र लिहितोय.

फिरत्या जॉबजवळ हातमोजा नको. लोकरीचा नको, कापडी नको, रबरीही नको. उघड्या बोटाला जॉब लागला तर कातडी सोलून निघते, ती भरून येते. मोज्याचा धागा अडकला की अख्खा हात आत ओढला जातो. तुझी मोटर छोटी आहे हे मला सांगू नकोस. मनगटाला ती भारीच आहे. मी ज्या शॉपमध्ये होतो तिथे शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं अशीच गेली. कट मोठा नव्हता, टूलही लावलेलं नव्हतं. थंडी होती म्हणून मोजे घालून तो शाफ्टला पॉलिश पेपर मारत होता. पुढे कधी वाटेत भेटला की तो हात खिशातच ठेवायचा.

तू म्हणशील, एवढी वर्षं लेथ चालवतो, आताच काय झालं? झालं हे, की आता तू बॉल टर्निंगचं, म्हणजे गोळे वळवायचं, टूल बनवायला घेतलंयस. साध्या टर्निंगला तुझे हात कॅरेजच्या चाकावर असतात, चकपासून लांब. गोळा वळवताना टूल हाताने फिरवावं लागतं, आणि गोळ्याच्या मानेकडे येताना तोच हात चकच्या जबड्यांजवळ येतो. म्हणजे आजवर चाललं ते इथे चालणार नाही.

तेव्हा टूल बनवतानाच हाताचा विचार कर. दांडी लांब ठेव, वीतभर तरी. टूल जबड्यांपर्यंत पोचणार नाही अशा जागी अडसर म्हणून एक खुंटी ठोक. जॉब चकबाहेर पुरेसा काढ. मोटर लावायच्या आधी टूल अगदी शेवटपर्यंत नेऊन चक हाताने एक फेरा फिरवून बघ. आणि चकची चावी! कसली, सोडली, की बाहेर. एक क्षणही चकमध्ये राहता कामा नये. पितळेचे कण सुईसारखे उडतात हे खरं आहे, त्यावर उपाय चष्मा आणि पुढे अॅक्रिलिकचं कवच. बाह्या कोपराच्या वर. कण झटकायला ब्रश. मोजा नव्हे.

आता कामाचं. तू ताईच्या फोनवरून फोटो पाठवलास, तो मी भिंग घेऊन पाहिला. कंपाउंड स्लाइड काढून त्या जागी टूलचा बेस बसवलास हे बरोबर केलंस. टूलचं टोक आणि टूल जिच्याभोवती फिरतं ती मधली पिन यांच्यातलं अंतर म्हणजे गोळ्याची त्रिज्या. पण ती पिन स्पिंडलच्या मध्यरेषेच्या बरोबर खाली पाहिजे. पिन तुझ्या बाजूला राहिली तर गोळा पोटात फुगतो आणि टोकाला सपाट राहतो. पलीकडे गेली तर लिंबासारखा टोकदार होतो. पिन जुळली की क्रॉस स्लाइड कसून टाक, मग तिला हात लावू नकोस. टूलचं टोक सेंटरच्या उंचीवर हवं, नाहीतर गोळ्याच्या टोकाला बारीक बोंड उरतं. फोटोत मला बेसखाली पॅकिंग दिसलं. ते सुटं असेल तर आधी काढ आणि बेसच नीट उंचीचा कर. पिनेतली ढिलाईही आधी घालव. पिन ढिली असेल तर पृष्ठभागावर लहरी येतातच.

पितळेला टूलची वरची बाजू सपाट घास, उतार देऊ नकोस. उतार दिलास तर टूल जॉबमध्ये घुसतं. 25 मिलिमीटरच्या गोळ्याला 15 ची मान ठेवणार असशील, तर टोकापासून मानेपर्यंतची लांबी आधीच काढून ठेव. 25 चा वर्ग 625, त्यातून 15 चा वर्ग 225 वजा केला की 400. त्याचं मूळ 20, निम्मे 10, त्यात त्रिज्या 12.5 मिळव. साडेबावीस. तिथे पार्टिंग टूलने खाच पाड, कोपरे पायऱ्यांनी उतरव, आणि मगच गोलाईचं टूल लाव. हायस्पीडचं टूल पितळ मिनिटाला 60 मीटरने सहज कापतं, म्हणजे या व्यासाला साधारण 760 फेरे होतात. तू निम्म्यावर चालव. कट पाव मिलिमीटरच्या वर नको. घाई कोणाला आहे? आणि हात उघडे. हे मी पुन्हा सांगतोय, चालेल.

ताईने मला सांगितलं होतं, 'त्याला मशीन विकायला सांग.' मी सांगणार नाही. का, ते ऐक. ओझरला 1964 साली मिगचा कारखाना आला, सातपूर-अंबडलाही कारखाने उभे राहिले, आणि आमच्या वयाच्या मुलांना टर्नर होणं हे मोठं स्वप्न वाटायचं. आयटीआय झालं, लेथ मिळाली, हरिहरच्या किर्लोस्करची. पण रिटायर होईपर्यंत मी बुश, पिना आणि शाफ्टच केले, सगळे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून. घरी एक वही होती, तुझ्या आईला आठवत असेल, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात छोट्या वाफेच्या इंजिनाची चित्रं मी काढून ठेवली होती, व्हॉल्व्हच्या दांड्यांना गोळ्यांच्या मुठीसुद्धा. लेथ घ्यायची म्हणून पैसे साठवायचो आणि दर वेळी घरात काहीतरी निघायचं. तुझे आजोबा नाही म्हणाले नसते. मीच कधी विचारलं नाही. आता नजरेला व्हर्नियरच्या रेघा दिसत नाहीत, आणि हात थोडा थरथरतो.

म्हणून तू करतोयस ते मला आवडतं, बाळू. फार आवडतं. फोटो भिंगातून पाहताना मी मामीला हाक मारून दाखवला. बेसच्या कडा तू फाइलने मोडल्यास, ते कोणी शिकवलं नव्हतं, तुझं तुला सुचलं. मी रागावलो ते तुझ्या कामावर नाही. तुझ्या हातांची मला भीती वाटते, एवढंच.

रात्री अकरानंतर मशीन लावू नकोस, झोपाळलेल्या डोळ्यांनी कट घ्यायचा नसतो. जेवण वेळेवर कर. मामी चिवडा पाठवतेय, सगळा मित्रांना वाटून टाकू नकोस. सुट्टीत येशील तेव्हा बिघडलेले गोळेही घेऊन ये, फेकू नकोस. आपण दोघं बसून कुठे काय चुकलं ते बघू. ती वही मी शोधून ठेवतो. इंजिन तुला करावंसं वाटलं तर कर, नाहीतर नुसतं बघ. तू आलास तरी पुरे.

तुझाच,
मामा